स्वतःचा ग्लास

हळद शिजतानाचा वास चांगला नसतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण गावाकडच्या वासांबद्दल लिहिणारे लोक बहुतेक शहरात राहून लिहितात आणि लांबून त्यांना सगळेच वास चांगले वाटतात. मीही शहरातच राहतो. हिंगोलीला शहर म्हणायची पद्धत आहे म्हणून शहर. पण मार्च लागला की इथंही वसमतकडून वारा आला की तो वास येतो. उकडलेलं रताळं, ओलं पोतं आणि सरकारी दवाखाना, यांच्या मधला कुठला तरी. दोरीवरच्या कपड्यांना धरतो. भातात येतो. पाहुणे नाक मुरडतात आणि आम्ही 'हळदीचा सीझन आहे' असं सांगतो, जणू काही तो आम्हीच आणलाय.

यंदा तो वास आला तेव्हा दादांना जाऊन वर्ष होत आलं होतं. दादा म्हणजे माझे वडील. गेले तेही हळदीतच. शेवटचे पंधरा दिवस ते माझ्या घरी खिडकीजवळच्या पलंगावर होते. जेवण तुटलं होतं, बोलणं जवळपास बंद. एका दुपारी वारा फिरला तसे त्यांनी डोळे उघडले, दोनदा श्वास ओढला आणि म्हणाले, "कच्ची उतरवली कोणीतरी." माणसं जाताना काय काय बोलून जातात असं मी पुष्कळ वाचलंय. आमच्या घराच्या वाट्याला एवढं एकच वाक्य आलं, तेही कुणाच्या तरी हळदीबद्दल.

आमच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. हट्ट्याच्या आसपास समजा. लिहिलं तर गाव रागावेल आणि नाही लिहिलं तर शेजारची चार गावं 'हे आमच्यावरच आहे' म्हणून रागावतील. त्यातल्या त्यात दुसरं बरं.

तेव्हा हळद कढईत शिजायची. दोन माणसं आडवी झोपतील एवढी लोखंडी कढई, खाली तुराट्या-पऱ्हाट्यांचा जाळ, वर हळदीचाच पाला आणि त्यावर ओली पोती. दोन-अडीच तासांचं काम. कमी शिजली तर वाळताना सुरकुतते आणि आतून दगडासारखी राहते, जास्त शिजली तर रंग जातो. मधे एक क्षण असतो. तो ओळखणारा माणूस पंचक्रोशीत एकच होता आणि त्याचं नाव कोंडिबा. शेत कुणाचंही असो, कढई उतरवायच्या आधी दादांना हाक जायची. दादा पोत्याचा कोपरा उचलायचे, वाफेत हात घालून एक हळकुंड काढायचे, कानावर खोचलेली तुराटीची बारीक काडी त्यात दाबायचे. काडी आरपार गेली पाहिजे, पण हळकुंड फुटता कामा नये. मग डोळे मिटून काडी बाहेर ओढायचे. काडी ओढताना डोळे का मिटायचे, हे मला आजवर कळलेलं नाही.

"झाली की कोंड्या आता. वाफ बघ केवढी!" माणिकराव म्हणायचे. गावातली सगळ्यात मोठी हळद त्यांची.

"वाफ पाण्याची असती मालक. हळदीला इचारू द्या."

माणिकराव हसायचे. पण थांबायचे. अख्ख्या गावात माणिकरावांना थांबवू शकणारा दुसरा माणूस नव्हता, आणि दादांनाही ते फक्त हळदीपुरतं जमायचं.

आम्ही बौद्ध. आमची वस्ती ओढ्यापलीकडं. दादांच्या काडीखालून गेलेली हळद गावातल्या प्रत्येक डाळीत पडायची. लग्नात नवरीच्या अंगाला लागायची. खंडोबाच्या भंडाऱ्यात उधळली जायची. हळदीला विटाळ नव्हता. चहाला होता.

माणिकरावांच्या शेतात विहिरीजवळ मोटारीची खोली होती आणि खोलीच्या बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा. त्या कोनाड्यात तीन कप असायचे, दोन कपांचे कान तुटलेले. चहाची वेळ झाली की आमच्यातले मजूर जाऊन आपापला कप घ्यायचे, विहिरीच्या पाण्यानं खंगाळायचे आणि पुढं धरायचे. माणिकरावांची बायको वरून चहा सोडायची. अंतर राखून चहा सोडणं ही एक कलाच आहे. त्यांचा एक थेंबही सांडायचा नाही.

मी दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालो होतो त्या वर्षीची गोष्ट. कढईला जाळ घालायला मीही दादांबरोबर जायचो. एका सकाळी दादांनी कोनाड्यातून कप उचलला तर त्यात कुंभारमाशीनं घर केलेलं. मातीचं, चांगलं बोटभर. दादांनी ते काडीनं खरवडून काढलं. आत अळ्या होत्या. माणिकरावांची बायको किटली घेऊन उभी होती. "चांगला धुऊन घे रे," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, काळजीच होती. दादांनी कप धुतला. चहा घेतला. प्याले. मीही प्यालो. त्या चहात आलं होतं हे मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी हट्ट्याचा बाजार होता. दादांनी तिथून स्टीलचा एक ग्लास आणला आणि नावं टाकणाऱ्याकडून त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी 'कोंडिबा' असं कोरून घेतलं. लग्नातल्या भांड्यांवर कोरतात तसं. त्याच्या पुढच्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी पिशवीतून तो ग्लास काढला.

"हे काय रं नवीन?" माणिकरावांनी विचारलं.

"आपला ग्लास बरा मालक. पोटात काय जातंय ते ठावं ऱ्हातं. मला सवय लागलीय सोच्छतेची."

"लई साहेब झाला का!" माणिकराव हसले, सगळे हसले, दादाही हसले. चहा वरूनच पडला. पण ग्लासात पडला.

मला त्या दिवशी दादांचा राग आला होता. अजूनही येतो. त्यांनी खरं कारण सांगितलं असतं तर काम गेलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्यांनी नुसतं कारण लपवलं नाही. समोरच्याला सोईचं पडेल असं एक तयार कारण घडवून त्याच्या हातात दिलं. लाज माणिकरावांच्या घराची होती, आणि ती झाकायला पांघरूण दादांनी विणून दिलं. इतकं टिकाऊ विणलं की चाळीस वर्षांनी त्याचीच शाल झाली.

मी शिकलो, हिंगोलीत लागलो, ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवू लागलो. मुलगी झाली, सुजाता. दादा आमच्याकडं येताना ग्लास घेऊनच यायचे, एव्हाना ती सवयच झाली होती. आणि त्या ग्लासाला त्या घरात एक वेगळंच आयुष्य मिळालं. सुजाता दूध प्यायची ती फक्त आजोबांच्या ग्लासातून. "ह्याच्यात गोड लागतं, बाय," ते तिला सांगायचे आणि ती मान डोलवायची. तिच्या दातांची एक बारीक खूण काठावर आहे. बायकोनं रताळी उकडायला घातली की दोघं पातेल्याजवळ उकिडवे बसायचे आणि ते तिच्या हाती खराट्याची काडी द्यायचे. "गॅसला नको इचारू. रताळ्याला इचार." ती डोळे मिटून काडी ओढायची. हुबेहूब.

मी हे सगळं पेपरच्या आडून पाहायचो. तिला काही सांगितलं नाही. सांगू, मोठी झाल्यावर. ती मोठी झाली, परभणीला शेतीचं शिकायला गेली, आणि दरम्यान मी वर्गातल्या पोरांना दरवर्षी सांगत राहिलो की इतिहास विसरणाऱ्यांना क्षमा नसते.

वर्ष भरायच्या आठवडाभर आधी दिगंबरचा फोन आला. दिगंबर म्हणजे माणिकरावांचा मुलगा. माझ्याच वर्गात होता, आता गावातलं कुठलंही काम त्याला विचारल्याशिवाय होत नाही. "मास्तर, दादांचा स्मृतिदिन गाव करून राहिलं. तुमी फकस्त यायचं. नवी अभ्यासिका बांधलीय, तिला दादांचं नाव द्यायचं ठरलंय. आन एक काम करा, दादांचा तो ग्लास घेऊन या. शोकेस केलीय." दादा दुसरी शिकलेले. अभ्यासिकेला त्यांचं नाव ऐकून मला आनंद झाला नाही असं म्हणालो तर खोटं होईल. मी सुजाताला फोन केला. तिला तर रडूच आलं.

गावात शिरतानाच फ्लेक्स दिसला. त्यावर मी मोजले ते चौदा फोटो, आणि त्यात दादा वरच्या कोपऱ्यात, आधार कार्डावरचे. फोटो काढणाऱ्यानं 'हलू नका' म्हणून दटावलेलं तोंड. बाकीचे तेरा जण हात जोडून हसत होते आणि खाली, बहुधा कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सवरून राहून गेलेलं, 'शुभेच्छुक'. दादांचं नाव मात्र ठळक होतं: 'आदरणीय कालकथित कोंडिबाजी'. माझ्या लहानपणी याच रस्त्यावर त्यांना 'ए कोंड्या' अशी हाक यायची. मी नोकरीला लागल्यावर कोंडिबा झाले. हळदीला भाव आला तसे कोंडिबादादा. शेवटचा 'जी' मिळवायला मात्र मरावं लागलं.

मंडप चांगला होता. मला स्टेजवर बसवलं, शाल आणि श्रीफळ दिलं. आमच्या घरात त्या श्रीफळाचं काय करायचं यावर दोन दिवस चर्चा झाली आणि शेवटी चटणी झाली. शाल गुलाबी होती, गरम होती, आणि मार्चच्या दुपारी ती खांद्यावरून काढायची कशी, हे कुठल्याच सत्कारात कुणी सांगत नाही. सुजाता पहिल्या रांगेत, गयाआजीच्या शेजारी. गयाआजी दादांबरोबर तीस वर्षं हळद काढायला, मोडायला, उकडायला होती. आता ऐंशीच्या पुढं, कान शाबूत, जीभ त्याहून.

दिगंबर बोलायला उठला. तो वाईट माणूस नाही, हे मला लिहिलंच पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं सोपं होऊन जाईल. दादा आजारी पडले तेव्हा त्याची जीप दोनदा दारात आली होती. त्यानं खरंच डोळे पुसले. आणि मग म्हणाला:

"लोकहो, सरकार आज स्वच्छता शिकवून राहिलं. पण ज्या काळात आपल्याला हात धुवायचं ठावं नव्हतं, त्या काळात कोंडिबादादा आमच्या शेतात येताना स्वतःचा ग्लास घेऊन यायचे! स्वतःचा! आमची आई म्हणायची, घरचा घ्या. पण न्हाई! सोच्छता म्हणजे सोच्छता! त्या ग्लासाचं दर्शन आपल्या लेकरायला झालं पायजे!"

टाळ्या पडल्या. सुजाताही वाजवत होती, आणि तिचे डोळे भरले होते. तिचा ग्लास होता तो. गोड लागणारा.

गयाआजी टाळ्या ओसरायची वाट पाहत होती. मग सगळ्यांना ऐकू जाईल पण कुणाला उत्तर द्यावं लागणार नाही, अशा आवाजात म्हणाली, "व्हय माय. लय सोच्छ. आमचे कप तं त्याहून सोच्छ. सालभर कोणी शिवतच नव्हतं त्यायला."

मागं दोन-तीन म्हाताऱ्या फिसकन हसल्या. सुजाताचे हात टाळीच्या मधेच थांबले. तिनं आधी आजीकडं पाहिलं, मग वर माझ्याकडं. नेमकं तेव्हाच निवेदकानं माझं नाव घेतलं. दोन शब्द.

मी दोनच बोललो. गावानं दादांवर जे प्रेम केलं त्याबद्दल आभार मानले. 'ऋणानुबंध' हा शब्दही वापरला. पंचवीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस माइकसमोर सव्वा मिनिट उभा राहिला आणि खाली बसला. टाळ्या मलाही पडल्या.

आमचं वस्तीतलं घर अजून आहे. दुपारी तिथं उंबऱ्यावर बसल्यावर सुजातानं विचारलं, "पप्पा, गयाआजी कोणत्या कपाबद्दल बोलत होती?"

मी सांगितलं. कोनाडा, कुंभारमाशी, आल्याचा चहा, हट्ट्याचा बाजार. ज्याला बावीस वर्षं वेळ मिळाला नाही ते सांगायला दहा मिनिटंही लागली नाहीत. ती ग्लास हातात फिरवत ऐकत होती. काठावरची दातांची खूण अंगठ्यानं चाचपत.

"मी यातून दूध प्यायचे," ती शेवटी म्हणाली, "आणि तुम्ही बघत होतात."

"हो."

"तुम्हाला यातून पिताना मी कधीच पाहिलं नाही."

ते खरं होतं. दादांचा ग्लास घरी आला की मी तो मांडणीवर मागं ठेवायचो. पाहुणे यायचे, सहकारी यायचे, एखाद्यानं विचारलं असतं. माणिकरावांच्या घरानं त्याला ओठ लावला नाही आणि मीही नाही. कारणं वेगळी होती, एवढंच स्वतःला सांगत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिगंबरच्या शेतात हळद शिजत होती. ग्लास तिथंच घेऊन या, बॉयलरबरोबर फोटो काढू, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. आता कढई नाही. ट्रॅक्टरमागं ओढून आणायचा बॉयलर, त्याला चार ड्रम, वाफ नळीनं आत जाते, आणि चालवणारा ऑपरेटर मोबाइलात वेळ लावून बसतो. वास मात्र तोच, तेवढाच वाईट. क्षणभर मला वाटलं, आता पोत्याचा कोपरा उचलून कुणीतरी 'दम धरा' म्हणेल.

चहा आला. थर्मास आणि कागदी कप. कागदी कपानं हा प्रश्न कसा सोडवला यावर कुणीतरी लिहायला हवं. कुणाचाच कप कुणाचा नाही, प्यायचा आणि चुरगाळून टाकायचा. इतकी स्वस्तात समता दुसरी मिळायची नाही.

सुजातानं पिशवीतून ग्लास काढला. थर्मास उचलून त्यात चहा ओतला, भरून, आणि दोन्ही हातांनी दिगंबरसमोर धरला.

"काका, घ्या. आजोबांच्या ग्लासातून."

दिगंबर हसला. हातातल्या कागदी कपाकडं पाहिलं. तो अर्धा भरलेला होता. "आगं, घेऊनच राहिलो की मी. आन ते आता जपायचं हाय, बाय. तुझ्या आजोबाची याद हाय ती. तिला व्हट कसे लावावे?"

मी हे खोटं मानत नाही. त्याला खरंच तसं वाटत असावं. पूर्वी ओठ तुच्छतेनं लागत नव्हते, आता आदरानं. कारण बदललं होतं, ओठ मात्र तेवढेच लांब होते.

सुजातानं ग्लास आपल्या तोंडाला लावला. उभ्या-उभ्या सगळा चहा संपवला, नळाखाली ग्लास धुतला, ओढणीनं पुसला आणि पिशवीत ठेवला.

"आरं, शोकेस?" दिगंबर म्हणाला.

"शोकेसमध्ये तुमच्याकडचा कप ठेवा, काका."

"कोणता कप?"

तो माझ्याकडं वळला. मी त्याचं तोंड नीट पाहिलं. शाळेत चार वर्षं एका बाकावर बसलेल्या माणसाचं खोटं ओळखता येतं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं, त्या कोनाड्याकडं बघायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. ज्यांना माहीत होतं ते एकतर मेले होते, नाहीतर मंडपात फिसकन हसत होते, नाहीतर स्टेजवर बसून आभार मानत होते.

"चल," मी म्हणालो, "दाखवतो."

मोटारीची खोली तशीच आहे, पत्रे नवे. आम्ही दोघं विहिरीला वळसा घालून मागच्या बाजूला गेलो. कोनाडा होता. त्यात ग्रीसचा डबा, फ्यूजच्या तारेचं वेटोळं आणि एक रिकामी औषधाची बाटली. कोपऱ्यात कुंभारमाशीचं मातीचं घर, ताजं. मी त्याला तीन कपांचं सांगितलं. कुणाचे, कुठं ठेवलेले, चहा किती उंचावरून पडायचा. दिगंबर ऐकत राहिला. त्यानं ग्रीसचा डबा उचलला, परत ठेवला. बोटाला लागलेलं ग्रीस पाहत राहिला.

"आईनं ठेवले असतील," तो म्हणाला. मग जरा चढ्या आवाजात, "तुला ठावं व्हतं हे सगळं. मंग काल काहून न्हाई बोलला? मला तोंडावर पडू दिलं अख्ख्या गावात?"

"काल खांद्यावर तुझी शाल होती," मी म्हणालो.

त्यानं माझ्या खांद्याकडं पाहिलं. मीही पाहिलं. बॉयलरकडून आवाज येत होता. ऑपरेटर म्हणत होता, "टाइम झाला मॅडम, पंचेचाळीस मिनिटं झाली." आणि सुजाता ड्रमच्या दारापाशी उकिडवी बसून, कुठून तरी तोडून घेतलेल्या तुराटीची काडी हळकुंडातून डोळे मिटून ओढत होती.

"टाइम तुमचा झाला, दादा," ती त्याला म्हणाली. "उतरवू नका. कच्ची आहे अजून."